मृत्युपत्रात आलेले आणि राहून गेलेले: कंपनीकालीन घराण्यांच्या वंशशोधाचा आढावा

डब्ल्यू. एस. ब्रिस्टो हे नाव कोळ्यांच्या, म्हणजे जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या, अभ्यासकांना चांगले ठाऊक असते. उतारवयात त्यांनी सयाममधल्या लुई लिऑनोवेन्स या सागवानाच्या व्यापाऱ्याचे चरित्र लिहायला घेतले. लुईची आई ॲना म्हणजे ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेमुळे जगभर गाजलेली, सयामच्या राजवाड्यातली शिक्षिका. आपला जन्म १८३४ साली वेल्समधल्या कार्नार्व्हनचा, वडील लष्करात कॅप्टन, नवरा मेजर, असे ॲना आयुष्यभर सांगत आली होती. चरित्रकाराच्या रिवाजाप्रमाणे ब्रिस्टो यांनी ते पडताळून पाहिले, तर वेल्समध्ये तिच्या जन्माचा मागमूस नाही. त्यांचे पुस्तक १९७६ साली आले. त्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांच्या शोधातून जे निघाले ते असे: जन्म १८३१, अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. वडील टॉमस एडवर्ड्स मुंबईच्या सॅपर्स पलटणीतले सार्जंट, आणि ॲना जन्मायच्या आधीच वारलेले. लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात, नवरा कारकून.

वडिलांकडची बाजू अशी उलगडली. आईकडची अडली. आजोबा विल्यम ग्लॅस्कॉट मुंबई लष्कराच्या देशी पायदळातले अधिकारी. ते १८१० साली इकडे आले, त्यांच्या मुलीचे नाव मेरी ॲन, इथपर्यंत नोंदी बोलतात. मेरी ॲनची आई कोण, याचे उत्तर त्यांत नाही. ती हिंदी किंवा अर्धहिंदी असावी, असे ॲनाच्या चरित्रकार सुसान मॉर्गन यांनी २००८ साली मांडले. तर्क सबळ आहे, पण नाव हाती नाही. (हॉलिवुडमध्ये राक्षसाच्या भूमिकेने अजरामर झालेला बोरिस कार्लॉफ हा ॲनाच्या सख्ख्या बहिणीचा नातू. आजीचे हे कोडे त्याच्याही कुळात जाते.)

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या गोऱ्या आणि मिश्र घराण्यांचा शोध घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी अशाच एका बाईपाशी येऊन थांबते. तिथून पुढे जायला दोन प्रकारचे कागद उपयोगी पडतात, मृत्युपत्रे आणि कोर्टाची दप्तरे. या कागदांवर कितपत भिस्त ठेवावी, यावर गेल्या तीसेक वर्षांत बरीच चर्चा झाली आहे. ती आज कुठवर आली आहे, ते इथे पाहायचे आहे.

कागद कसे साठले

मुंबईत इंग्रजी कायद्याचे कोर्ट जेरल्ड आँजियरने १६७२ साली सुरू केले, पण आपल्या कामाची शिस्तशीर दप्तरे खऱ्या अर्थाने पुढच्या शतकातली. पहिल्या जॉर्ज राजाने १७२६ साली सनद दिली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता या तिन्ही ठिकाणी मेयर्स कोर्टे आली. मुंबईचे कोर्ट १७२८ पासून चालू झाले. एक मेयर, नऊ आल्डरमन, आणि त्यांत कायदा शिकलेला कुणी नाही. सगळे व्यापारउदीम करणारे लोक. या कोर्टांना मृत्युपत्रांना प्रोबेट, म्हणजे कोर्टाची मान्यता, देण्याचा आणि मृत्युपत्र न करता मेलेल्याच्या इस्टेटीचा कारभार सोपवण्याचा अधिकार मिळाला. मुंबईत १७९८ साली त्याजागी रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ साली सुप्रीम कोर्ट आणि १८६२ साली हायकोर्ट आले. दप्तर मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले.

कंपनी दूर लंडनमध्ये बसलेली असल्याने प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची नक्कल तिकडे जात असे. त्या नकला आता ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत. ज्यांची इंग्लंडातही मालमत्ता होती, त्यांचे मृत्युपत्र कँटरबरीच्या धर्मपीठाच्या कोर्टातही मंजूर करून घ्यावे लागे. ती व्यवस्था १८५८ पर्यंत चालली. त्यामुळे एकाच माणसाचे मृत्युपत्र दोन ठिकाणी सापडू शकते. मुंबईत मेयर्स कोर्टाची दप्तरे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात पाहायला मिळतात.

मृत्युपत्र म्हणजे या थप्पीतला सगळ्यात वरचा कागद. त्याखाली साक्षीदारांचे जबाब, एक्झिक्युटरचा (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचा) अर्ज, मालमत्तेची यादी, लिलावाचा तपशील आणि शेवटी हिशेब. लिलावाचा तपशील तर वाचत राहावा असा असतो. मेलेल्याची पालखी, मदिरा दारूच्या बाटल्या, टोप, पुस्तके, घोडा, मच्छरदाणी कुणी आणि किती रुपयांना घेतली, हे ओळीने लिहिलेले. घेणारे बहुधा त्याचेच दोस्त आणि शेजारी. एखाद्याचा गोतावळा ओळखायचा असेल तर मृत्युपत्रातल्या प्रेमळ वाक्यांपेक्षा ही यादी अधिक कामाची ठरते. मात्र पुष्कळ संशोधन वरच्याच कागदावर थांबले आहे, आणि चालू वादातला काही भाग त्यामुळेच उद्भवला आहे, असे मला वाटते.

मृत्युपत्र करण्यामागची निकड कायद्याची होती. इंग्रजी कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाला बापाच्या मालमत्तेवर वारसा हक्क नव्हता. बाप न लिहिता मेला, तर इस्टेट विलायतेतल्या भावाकडे किंवा पुतण्याकडे जाणार, आणि इथली बाई-मुले उघड्यावर. तशातच १७९१ साली कंपनीने आई किंवा बाप हिंदी असलेल्यांना आपल्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकऱ्यांची दारे बंद केली. १७९५ साली लष्करात त्यांच्यासाठी बासरीवाले, ढोलकरी, बँडवाले, नालबंद एवढ्याच जागा ठेवल्या. म्हणजे मुलाला नोकरी नाही आणि वारसाही नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी अशा मुलांची नावे मृत्युपत्रांत एवढ्या संख्येने का दिसतात, याचे एक कारण हे. ती प्रेमाची खूण असेल, पण त्याआधी ती तजवीज आहे.

एकाच कागदाची दोन वाचने

हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक १८०५ साली कलकत्त्यात वारला. निजामाच्या दरबारातल्या खानदानी घराण्यातली खैरुन्निसा बेगम ही त्याची पत्नी. मुसलमानी रिवाजाने झालेल्या या लग्नाची कंपनीने चौकशी केली होती. दोन्ही मुले बापाच्या मृत्यूआधी विलायतेला रवाना झाली होती. त्यांतली मुलगी पुढे किटी कर्कपॅट्रिक म्हणून ओळखली गेली आणि लेखक टॉमस कार्लाइलच्या परिचयात आली. कर्कपॅट्रिकच्या मृत्युपत्रात दोन्ही मुलांचा उल्लेख अनौरस असा आहे. त्यांच्या आईबद्दल आदराचे शब्द आहेत, पण तिच्या जहागिरी आणि दागदागिने भरपूर असल्याने तिच्यासाठी वेगळी तरतूद केलेली नाही, असा खुलासा आहे.

विल्यम डॅलरिंपल यांच्या ‘व्हाइट मुघल्स’ने (२००२) ही कहाणी घरोघरी पोचवली. त्यांच्या मते हा विवाह खरा होता. मुलांना अनौरस म्हणणे ही वकिली काळजी आहे, कारण इंग्लंडातले कोर्ट निकाहनामा मानील याची खात्री नव्हती, आणि औरस म्हणून लिहिलेला वारस अनौरस ठरला तर सगळेच बुडाले असते. दुर्बा घोष यांनी ‘सेक्स अँड द फॅमिली इन कलोनियल इंडिया’ (२००६) या ग्रंथात हेच घराणे घेतले आणि उलटा प्रश्न विचारला. जो माणूस बायकोला कायद्यात बायको म्हणू शकत होता की नाही हेच अनिश्चित आहे, त्याच्या घराला आपण आजच्या अर्थाने कुटुंब म्हणावे का? दोघांच्या समोर तोच कागद आहे.

दुसरे घराणे पामरांचे. जनरल विल्यम पामर १७९८ ते १८०१ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांनी काढलेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात त्याच्या कारकिर्दीचा स्वतंत्र खंड आहे. दुसऱ्या बाजीरावाचे राजकारण पाहायला लोक तो उघडतात. तिथला पामर हा फक्त वकील. घरातला पामर मृत्युपत्रात भेटतो. त्यात फैज बख्श बेगम ही पस्तीसहून अधिक वर्षांची आपली स्नेही आणि सहचरी असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्यांचा मुलगा विल्यम याने हैदराबादेत पेढी काढली, आणि तिच्या निजामाशी झालेल्या देवघेवीचे प्रकरण लंडनपर्यंत गाजले.

फैज बख्शची बहीण नूर ही बेन्वा द ब्वान्यची पत्नी. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा तो हाच. तो नूरला आणि मुलांना घेऊन इंग्लंडला गेला आणि १७९८ साली तिथे एका फ्रेंच उमरावाच्या मुलीशी चर्चमध्ये लग्न करून मोकळा झाला. पहिला विवाह त्याच्या लेखी आड येत नव्हता. नूर हेलेना बेनेट या नावाने ससेक्समध्ये राहिली आणि १८५३ साली वारली. सख्ख्या बहिणी, नवऱ्यांचा हुद्दा जवळपास सारखा, तरी एकीला आयुष्यभराची सोबत मिळाली आणि दुसरीला पोटगी. मृत्युपत्रांवरून एक सर्वसाधारण चित्र काढू पाहणाऱ्याने ही जोडी डोळ्यासमोर ठेवावी.

या दोन्हींपेक्षा अवघड कागद क्लॉड मार्तँ याचा. लियाँचा हा फ्रेंच लखनौमध्ये अफाट श्रीमंत झाला. १ जानेवारी १८०० ही त्याच्या मृत्युपत्राची तारीख, आणि त्याच वर्षी तो गेला. या लांबलचक मृत्युपत्रात त्याने बुलोन लीझ हिच्याविषयी लिहिले आहे. ती लहान असताना एका फ्रेंच माणसाकडून आपण तिला पैसे देऊन घेतले, हे तो स्वतः सांगतो, आणि त्याच कागदात तिच्यावरची माया आणि तिच्यासाठी केलेली तरतूदही मांडतो. डॅलरिंपल यांच्या बाजूचा माणूस उत्तरार्धावर बोट ठेवील, घोष यांच्या बाजूचा पूर्वार्धावर. मार्तँला स्वतःला दोन्ही एकत्र लिहिताना अडचण वाटलेली दिसत नाही. त्याच्या मृत्युपत्राच्या अर्थावरून कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात दावे इतकी वर्षे चालले, की त्याच्या पैशातून कलकत्त्याची ला मार्टिनियर शाळा १८३६ ला आणि लखनौची १८४५ ला उघडली.

मोजणी आणि तिच्यावरचे आक्षेप

एकेका घराण्यावरून भांडण मिटत नाही म्हणून मोजणी आली. डॅलरिंपल यांनी बंगालच्या मृत्युपत्रांवरून दिलेले आकडे सगळीकडे उद्धृत होतात. १७८० ते १७८५ या काळातल्या दर तीन मृत्युपत्रांपैकी एकात हिंदी पत्नीला किंवा सहचरीला काही ना काही ठेवलेले आहे. १८०५ ते १८१० मध्ये हे प्रमाण चारात एक होते, १८३० च्या सुमारास सहात एक, आणि शतकाच्या मध्यापर्यंत अशा बायका मृत्युपत्रांतून जवळपास दिसेनाशा होतात. यावरून निघणारा निष्कर्ष असा, की सुरुवातीचा इंग्रज इथल्या समाजात मिसळत होता. नंतर मिशनऱ्यांचे वजन, वंशाचा अहंकार आणि सत्तेचा माज यांनी ती वाट बंद केली. क्रिस्टोफर हॉज यांनी ‘पुअर रिलेशन्स’ (१९९६) मध्ये मिश्र समाजाची कोंडी दाखवली होती. हे आकडे त्या चित्रात चपखल बसतात.

आक्षेप तीन बाजूंनी आले. पहिला, मृत्युपत्र करणारेच मुळात थोडे. पलटणीतला साधा गोरा शिपाई मेला की त्याच्या कपड्यालत्त्याचा लिलाव व्हायचा आणि कर्जे फेडून उरले तर नातलगांकडे. त्याची इथली बाई कोणत्याही आकड्यात नाही. दुसरा आक्षेप उलट दिशेचा. ज्याची लग्नाची बायको आणि औरस मुले होती, त्याचा वारसा कायद्यानेच ठरत होता. त्याला लिहिण्याची तेवढी निकड नव्हती. जो हिंदी सहचरीबरोबर राहिला, त्याला मात्र लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा तिनात एक हे प्रमाण समाजाचे की नुसत्या मृत्युपत्रांचे, हा प्रश्न उरतोच. मला हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. उतरत गेलेल्या आकड्यांचा अर्थही त्याने बदलू शकतो, कारण शतकाच्या मध्यापर्यंत तरतुदीची दुसरी साधने आली होती आणि असे संबंध कागदावर आणण्याची लाजही वाढली होती. संबंध कमी झाले की त्यांची कबुली कमी झाली, हे एकट्या मृत्युपत्रावरून ठरवता येणार नाही.

तिसरा आक्षेप घोष आणि इंद्राणी चटर्जी यांचा, आणि तो मुळावर घाव घालतो. बऱ्याच मृत्युपत्रांत बाईचे नावच नसते. असते ते ‘देशी बाई’, ‘माझ्या मुलांची आई’, ‘घरकाम पाहणारी’. नाव दिले तर पुष्कळदा फिरंगी, धन्याने ठेवलेले. ज्या माणसाने वीस वर्षांच्या सोबतिणीचे नाव सांगायचे टाळले, त्याची उदारता कोणत्या रकान्यात मांडायची? चटर्जींचे म्हणणे त्याहून पुढचे. या बायकांपैकी अनेकींचा त्या घरात प्रवेश गुलाम म्हणून झाला, आणि इतिहासकारांनी गुलामी हा शब्द टाळून त्या नात्याला घरगुती रंग दिला. मार्गो फिन यांनीही कंपनीच्या अंमलदारांच्या घरातली गुलामी मृत्युपत्रांतून आणि खाजगी पत्रांतून पुढे आणली. पेशवाईतल्या बटकी-कुणबिणींचे कागद वाचलेल्या मराठी अभ्यासकाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. अठराव्या शतकातल्या मोठ्या वाड्यांत, मग ते कुणाचेही असोत, विकत घेतलेली माणसे असायची.

या आक्षेपांना डॅलरिंपल यांच्या बाजूने मिळणारे उत्तरही ऐकण्यासारखे आहे. सगळ्या संबंधांना सक्ती म्हटले, की खैरुन्निसासारखी बाई स्वतःच्या मर्जीने, घरच्यांशी झगडून काही करू शकत होती हे नाकारावे लागते, आणि मग तिची निवड दुसऱ्यांदा पुसली जाते. डॅलरिंपल यांची या विषयातली ओढ घरचीच आहे. पॅटल घराण्याकडून आपल्याही कुळात चंदननगरकडची एक बंगाली बाई असल्याचे त्यांना शोधताना कळले. व्हर्जिनिया वूल्फही त्याच पॅटलांच्या वंशातली.

कोर्टात उभी राहिलेली घरे

मृत्युपत्रात एकच माणूस बोलतो. खटल्यात सगळे बोलतात, आणि खोटेही बोलतात. वंश शोधणाऱ्याला तरीही खटला सापडला की हर्ष होतो, कारण विरुद्ध पक्षाचा वकील नेमके तेच विचारतो जे आपल्याला हवे असते: लग्न कधी झाले, पौरोहित्य कुणी केले, मूल कुणासमोर जन्मले.

मद्रास इलाख्यातल्या बळ्ळारीचे अब्राहम प्रकरण याचा उत्तम नमुना. मॅथ्यू अब्राहम हा अस्पृश्य मानलेल्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबातला. त्याची बायको शार्लट फॉक्स मिश्र वंशाची. त्याने दारूच्या धंद्यात पैसा केला आणि १८४२ साली मृत्युपत्र न करता वारला. धाकटा भाऊ फ्रान्सिस म्हणाला की आमचे एकत्र कुटुंब, हिंदू कायद्याने निम्मे माझे. शार्लट म्हणाली की आम्ही इंग्रजी वळणाचे लोक, इंग्रजी कायदा लावा. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८६३ साली निकाल लागला. धर्म बदललेल्या माणसाला कोणत्या कायद्याने चालायचे याची निवड करता येते, आणि ती त्याच्या वागणुकीवरून ठरवावी, असे न्यायाधीशांनी म्हटले. वागणूक सिद्ध करायला साक्षीपुराव्यात घरातले सगळे काही आले, काय खात, काय नेसत, कुणाकडे उठबस. चंद्रा मल्लमपल्ली यांनी २०११ साली या दप्तरावर अख्खे पुस्तक लिहिले. या घराच्या या सवयी कुठल्याही वंशावळीत टिकल्या नसत्या. मालमत्तेच्या भांडणाने टिकवल्या.

दुसरे प्रकरण डायस सोम्ब्रचे. सरधन्याची सत्ताधीश बेगम समरू हिचा हा वारस १८३६ नंतर विलायतेला गेला, व्हायकाउंट सेंट व्हिन्सेंटची मुलगी केली, १८४१ साली पार्लमेंटात निवडून आला आणि लाचेच्या आरोपावरून पुढच्या वर्षी ती निवड रद्द झाली. मग १८४३ साली त्याला वेडा ठरवून मालमत्तेवरचा ताबा काढून घेण्यात आला. बायकोविषयीचे त्याचे टोकाचे संशय हे वेडाचे लक्षण, की पौर्वात्य संस्कारांचा परिणाम, यावर डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. त्याच्या मृत्युपत्रातला पैसा सरधन्याच्या शाळेसाठी होता. ते प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली फेटाळले. मायकेल फिशर यांच्या चरित्रामुळे हा सगळा कागदपत्रांचा ढीग वाचनीय झाला आहे. इथे कोर्टाने फक्त मालमत्तेचा निकाल केला नाही. मिश्र वंशाच्या माणसाचा स्वभाव कसा असतो याचे एक मत दप्तरात कायमचे उमटवले. पुढच्या वंशावळीकाराने तेच मत खरे धरून पुढे चालवले तर नवल नाही. म्हणून खटल्याचे दप्तर श्रीमंत असले तरी निर्मळ नसते, हे भान घोष यांच्या लेखनाने या क्षेत्राला दिले. खटल्यापर्यंत येणारी घरे मुळात बिघडलेली, हेही आलेच.

गोव्याची वाट वेगळी आहे, त्यामुळे इथले निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पोर्तुगीज कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो. बापाला मर्जीप्रमाणे देता येतो तो फक्त उरलेला भाग. मालमत्तेच्या वाटपासाठी होणारे इन्व्हेंटरीचे काम सगळ्या वारसांना नावानिशी समोर आणते. इंग्रजी मृत्युपत्रात गाळता येणारा वारस तिथे सहजासहजी गाळता येत नाही.

हौशी संशोधक आणि लाळेची चाचणी

विद्यापीठांबाहेर या कामाला सगळ्यात मोठा हातभार लावला तो घरचे मूळ शोधणाऱ्या सामान्य माणसांनी. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी ही संस्था १९९८ पासून बाप्तिस्मे, लग्ने, दफने, मृत्युपत्रे यांच्या सूच्या तयार करते आहे, आणि इंडिया ऑफिसच्या पुष्कळशा नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. पोटापाण्यासाठी हे न करणाऱ्यांनी केलेल्या या सूच्यांशिवाय पंडितांची मोजणी अर्ध्यावर राहिली असती. त्यांची मर्यादा एवढीच, की सूचीत फक्त नाव लागते, आणि ज्याला नावच नाही ती बाई सूचीत येत नाही.

मग २०१३ साली जनुकशास्त्राने बाजी मारल्याचा गाजावाजा झाला. सुरतेत कंपनीच्या चाकरीत असलेला थिओडोर फोर्ब्स हा स्कॉटिश तरुण एलायझा केवार्क नावाच्या स्त्रीबरोबर राहत होता. १८१२ साली त्यांना कॅथरीन झाली. पुढे तो मुंबईत फोर्ब्स कंपनीत आला आणि १८२० साली विलायतेच्या वाटेवर जहाजावर वारला. मृत्युपत्रात एलायझा ही ‘घर सांभाळणारी’ आणि कॅथरीन ही ‘मानलेली अनौरस मुलगी’ म्हणून येते. मुलीला स्कॉटलंडला पाठवले गेले. तिच्या वंशात, आईकडून आईकडे जाणाऱ्या रांगेत, पुढे राजकुमारी डायना जन्मली. घरची परंपरागत समजूत अशी, की एलायझा आर्मेनियन. डायनाच्या दूरच्या नातलगांच्या लाळेतून मिळालेली मातृवंशाची खूण मात्र बहुतांशी भारतीय उपखंडातच आढळणारी निघाली. राजपुत्र विल्यम अंशतः भारतीय, असे मथळे दुसऱ्या दिवशी छापून आले.

चाचणीने काय सिद्ध केले हे नीट वेगळे काढायला हवे. मातृवंशाची खूण फक्त एका रांगेची असते: आई, तिची आई, तिची आई. एलायझाच्या मातृरांगेत कुठेतरी हिंदी स्त्री होती, इतके त्यावरून म्हणता येते. तिचा बाप आर्मेनियन असण्याला त्याने बाधा येत नाही, आणि सुरतेच्या आर्मेनियन वस्तीत असे मिश्र घर काही अप्रूप नव्हते. म्हणजे घरची समजूत आणि प्रयोगशाळा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. चाचणी करणारी कंपनी व्यापारी होती, निष्कर्ष आधी वर्तमानपत्रात आला, आणि जिवंत माणसाच्या वंशाविषयी त्याच्या नातलगांच्या नमुन्यावरून जाहीर बोलावे का, यावर तेव्हाही टीका झाली होती. फोर्ब्सने एलायझाशी रीतसर लग्न केले होते की नाही, हे तर कोणतीही लाळ सांगणार नाही. त्यासाठी पुन्हा सुरत आणि मुंबईच्या दप्तराकडेच यावे लागते.

अडलेल्या गोष्टी

सगळ्यात जुना अडसर विवाहाच्या कायद्याचा आहे. विवाहासाठी चर्चमधले संस्कार आवश्यक ठरवणारा १७५३ चा इंग्रजी कायदा समुद्रापलीकडे लागू नव्हता. मग हैदराबादेत किंवा लखनौत निकाह लावलेला इंग्रज कायद्याने विवाहित होता की नाही? तत्कालीन वकिलांचेही यावर एकमत नव्हते, म्हणून तर मृत्युपत्रे इतकी सावधपणे लिहिली गेली. आजचे इतिहासकार ‘पत्नी’ की ‘सहचरी’ हा वाद घालतात तेव्हा नकळत तोच जुना खटला पुढे चालवतात. मला वाटते, हा प्रश्न सरसकट सुटणारा नाही. घराघरातच सोडवावा लागेल, आणि त्यासाठी प्रोबेटची फाइल तळापर्यंत वाचावी लागेल. एक्झिक्युटरच्या हिशेबात बाईला दरमहा पैसे खरोखर पोचले का, किती वर्षे, कुणाच्या सहीने, हे दिसते. मृत्युपत्रात लिहिलेली तरतूद आणि हिशेबात उतरलेली तरतूद यांतले अंतर मोजणारे काम वाढले, तर दोन्ही पक्षांच्या बऱ्याच ठाम विधानांना कात्री लागेल.

दुसरी अडचण प्रदेशाची. आकडे बंगालचे, आणि घोष यांचे दप्तरही मुख्यतः तिकडचे. मुंबई इलाख्याची घडण निराळी होती. १८१८ पर्यंत इथे कंपनीचा मुलूख तुटपुंजा. गोऱ्यांची वस्ती बंदरे, वखारी आणि छावण्या यांतच. शेजार पारशी, गुजराती, आर्मेनियन, पोर्तुगीज ख्रिस्ती यांचा. लखनौ-हैदराबादच्या मुसलमानी दरबारातले सोयरसंबंध पुण्यात ब्राह्मणी दरबारापाशी संभवत नव्हते. तिनात एक हे बंगालचे प्रमाण मुंबईला लावणे म्हणूनच धोक्याचे. नगर, पुणे, सातारा, डीसा इथल्या छावण्यांतल्या सार्जंट-कॉर्पोरलांची घरे हा तर अगदीच वेगळा थर. तिथे मृत्युपत्र दुर्मीळ, आणि आधार म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि पलटणीचे हजेरीपट एवढेच.

तिसरी गोष्ट दिशेची. आजवरचा जवळजवळ सगळा शोध बापाच्या बाजूने चालतो, कारण शोधणारे वंशज बापाचे आडनाव लावतात आणि कागद इंग्रजीत आहेत. बाईच्या माहेरच्या बाजूने कुणी गेले तर लिपी मोडी किंवा फारसी लागेल, आणि कागद असतील ते जमिनीचे, कर्जाचे, जातीतून वाळीत टाकल्याचे, वतनाच्या भांडणातल्या करिन्यांचे, म्हणजे लेखी हकिकतींचे. मराठी कुलवृत्तांतांनी अशा लेकींची नावे गाळलेली असणार, हे गृहीत धरूनच ते वाचावे लागतील.

पुण्याचेच उदाहरण घ्यायचे तर चार्ल्स मॅलेटचे घ्यावे. पेशव्यांच्या दरबारी तो १७८६ पासून १७९७ पर्यंत रेसिडेंट होता. पुण्यात त्याच्यासोबत अंबर कौर नावाची स्त्री होती, तिच्यापासून त्याला मुलेही झाली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने तिचे चित्र काढले. हाच वेल्स ज्याने पेशव्यांची आणि नाना फडणविसांची चित्रे रंगवली आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली. मॅलेटने १७९९ साली इंग्लंडात रीतसर लग्न केले ते वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी. वेल्सच्या रोजनिशा येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, मॅलेटची राजकीय पत्रे पुण्या-मुंबईत छापलेली आहेत, त्याच्या विलायतेतल्या घराण्याची वंशावळ उमरावांच्या सूचीत आहे. नावावरून उत्तर हिंदुस्थानातली वाटणारी ही बाई पुण्याला कशी आली आणि मॅलेट गेल्यावर तिचे पुढे काय झाले, याची उत्तरे शोधायची तर हे तिन्ही साठे एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतील, आणि त्यांच्या जोडीला पेशवे दफ्तरातले रेसिडेन्सीच्या खर्चाचे कागदही.